छत्तीस खुंट्या

“…आन् चाक जागच्या जागीच फिरत ऱ्हायलं, तर काय करायचं, उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद पिराच्या अंगणात झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वाफ वाढवून बघितली. कमी करून बघितली. चाकाखाली फळ्या घातल्या, दगड घातले, तुराट्या घातल्या. चिखलानं सगळं गिळलं. इंजिन काय हाललं न्हाई.”

झाडू चालूच राहिला.

“उस्ताद, मी तुमालाच इचारतोय.”

“जेवलास का?”

“…न्हाई.”

“मग आधी ते.”

चार वर्षांनी गुरूची गाठ पडली आणि गुरूचा पहिला प्रश्न भाकरीचा. सर्जेरावाला याचा राग यायला हवा होता. पण तो सकाळपासून उपाशी होता, आणि उपाशी माणसाला राग नीट धरून ठेवता येत नाही. तो ओट्यावर बसला. उस्तादांनी आतून ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा आणि लसणाची चटणी आणून त्याच्यापुढे ठेवली आणि पुन्हा झाडू हातात घेतला.

हा सर्जेराव कोकरे वाफेच्या नांगरावर ड्रायव्हर होता. ज्यांनी तो नांगर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात इंजिनं दोन असत, एकेक चौदा टनांचं. रानाच्या दोन टोकांना समोरासमोर उभी राहायची आणि मधे लोखंडी दोराला बांधलेला नांगर आळीपाळीने आपल्याकडे ओढायची. बैलाचा नांगर वीतभर खाली जाताना कण्हतो. हा हातभर खाली जायचा. मात्र इंजिनं रानापर्यंत आपल्या चाकांनी चालत यावी लागत. नांगराचं सगळं बळ खरं, पण आधी चाकाने माती धरली पाहिजे.

म्हणून चाकाच्या लोखंडी धावेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, खुंट्या बसवत. खुंट्या म्हणजे मुठीएवढे जाड लोखंडी दात.

दस्तगीर उस्ताद त्या भागातले या इंजिनाचे पहिले ड्रायव्हर. आता डोळ्यांना कमी दिसू लागलं म्हणून ते टेकडीवरच्या पिराची झाडलोट करून राहत. कोणी त्यांना फकीर म्हणायचं, कोणी मिस्त्री. ते दोन्हीला ओ देत.

उस्तादांची एक रीत होती. नवा शिष्य आला की त्याच्या हातात पाना नाही, तेलाची बुधली नाही. त्याला मिळायचं एक जुनं लोखंडी उलथनं. उस्तादांची बायको वारल्यावर चुलीपाशी राहिलेलं. संध्याकाळी इंजिन थांबलं की त्या उलथन्याने खुंट्यांच्या मधला चिखल खरवडायचा. मग उस्ताद येत आणि एकेका फटीत बोट घालून बघत. बोटाला माती लागली, की पुन्हा पहिल्यापासून.

सर्जेरावाने हे दोन वर्षं केलं. बरोबरीची पोरं बॉयलरवर चढली, शिट्टी वाजवू लागली आणि हा आपला चाकापाशी उकिडवा. शेवटी कसाबसा वर चढला, परीक्षा दिली, पास झाला. ज्या दिवशी ड्रायव्हरकीचा कागद हातात पडला त्या दिवशी त्याने उस्तादांना सगळ्यांसमोर विचारलं, “दोन वर्षं माझ्याकडनं चिखल काढून घेतलात. शिकवलंत काय?”

उस्तादांनी फक्त ते उलथनं त्याच्या हातात ठेवलं.

आता ड्रायव्हर माणूस चिखलाला हात लावतो होय? सर्जेराव पाठ फिरवून निघाला आणि ते उलथनं त्याने नेऊन आईला दिलं. आई त्यावर भाकरी उलटू लागली.

भाकरी संपत आली तेव्हा उस्ताद म्हणाले, “बोल आता. कुणाचं रान?”

सर्जेरावाने हातातला घास खाली ठेवला.

“आईचं.”

झाडू थांबला.

“कुंद्याचं?”

“व्हय. तेच.”

बोरखडीचं ते सहा एकर रान उस्तादांनी कधी पाहिलं नव्हतं, पण ऐकलं पुष्कळ होतं. चिखल खरवडता खरवडता सर्जेराव दुसरं बोलतच नसे. काळीभोर जमीन, आणि तिच्यात कुंद्याचं चिवट तण. वरून कापला की खालून येतो, खालून खणला तर त्याच्या खालून येतो. नवरा गेल्यापासून त्याची आई भागूबाई दर उन्हाळ्यात कुदळ घेऊन कुंदा खणायची. जेवढा तुकडा उन्हाळ्यात मोकळा व्हायचा तेवढा दिवाळीपर्यंत पुन्हा हिरवागार. बारा वर्षं तिने हे केलं. लोक म्हणाले, सोडून दे पडीक. ती म्हणाली, नवऱ्यानं सोडलं, आता मी रान सोडू?

एकदा शेजारच्या गावच्या शिवारात हा वाफेचा नांगर आला होता. मायलेक बांधावर उभे राहून दिवसभर बघत होते. परतताना भागूबाई म्हणाली, “असला नांगर आपल्या रानात यायला कुणाचं नशीब लागतंय रं.”

“मी आणीन,” सर्जेराव म्हणाला होता.

त्याच एका शब्दासाठी तो ड्रायव्हर झाला.

“मग आणलास की,” उस्ताद म्हणाले.

“आणला वो, पण दोनशे हात अलीकडं!” सर्जेरावाने कपाळाला हात लावला. “कालव्याचा पाझर हाय तितं. चैताचं ऊन, सगळीकडं धुरळा, आन् तेवढ्या पट्ट्यात गुडघाभर काळा चिखल. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला वढा. वळसा घालाय वाट न्हाई. तीन डाव आत घातलं इंजिन. तिन्ही डाव रुतलं. दुसऱ्या इंजिनानं दोर लावून मागं वढून काढलं.”

“दोर पलीकडं बांधून का न्हाई वढलं?”

“बांधला की. बाभळीला. बाभळच मुळासकट चालत आली इंजिनाकडं.”

उस्ताद हसले. त्यांच्या तोंडात मोजून सहा दात होते आणि हसताना ते सहाच्या सहा दिसत.

सर्जेरावाला हसू आलं नाही. “सोमवारी इंजिनं आगगाडीवर चढणार, उस्ताद. दुसऱ्या जिल्ह्यात. पुन्यांदा ह्या अंगाला कधी येतील, येतील का न्हाई, साहेबाला बी ठावं न्हाई. आन् आई रोज त्या चिखलातनं चालत येती, मला भाकरी द्यायला. काय बोलत न्हाई. काय बोलली असती तर बरं हुतं.”

“चाकाला काय केलंस?”

आता मात्र त्याचा चेहरा जरा उजळला. “चाकाला लई केलं! कारखान्यातनं बारा खुंट्या आल्या हुत्या. मी म्हणलं पकड कमी पडतीया. लोहाराकडनं नव्या घडवल्या, धावेला भोकं पाडली, चोवीस केल्या. तरी घसरलं. मग छत्तीस केल्या. एका चाकाला छत्तीस, उस्ताद! असं चाक कुणी बघितलं नसंल.”

“मग?”

“जास्तच घसरतंय.”

“मग आजून लाव.”

“कुटं लावू? आता जागाच उरली न्हाई.”

उस्तादांनी झाडू भिंतीला टेकवला.

“काय म्हणालास?”

“जागा उरली न्हाई.”

“हां…” उस्ताद म्हणाले, आणि आत वहाणा शोधायला गेले.

दुपार कलली तेव्हा बैलगाडी पाझराच्या पट्ट्याशी पोचली. दोन्ही इंजिनं कडेला उभी होती. दुसऱ्या इंजिनाचा ड्रायव्हर लिंबाजी सावलीत तंबाखू मळत होता. उस्तादांना पाहून तो उठला आणि पाया पडला.

“बरं झालं आलासा. ह्यानं चाकाचं पार साळिंदर करून ठिवलंय.”

उस्ताद सर्जेरावाच्या इंजिनापाशी गेले आणि चाकावरून हात फिरवू लागले. चाक त्यांच्याहून उंच होतं. खुंट्या अशा दाटीने बसवल्या होत्या की दोहोंच्या मधे बोट जाईना. आणि जिथे बोट जाईना तिथे काळा चिखल मात्र घट्ट जाऊन बसला होता, उन्हात वाळून विटेसारखा झाला होता. छत्तीस खुंट्यांची टोकं तेवढी कुठेकुठे दिसत होती. बाकी सगळं चाक गुळगुळीत, घडवलेल्या रांजणासारखं.

“उलथनं कुटाय?”

सर्जेरावाने खाली बघितलं. “आईकडं.”

“काय करती त्याचं?”

“…भाकरी उलटती.”

“चांगलं करती.” उस्ताद मनापासून म्हणाले. “कुणाच्या तरी कामाला आलं.”

लिंबाजीने तोंड फिरवून हसू लपवलं.

तेवढ्यात पलीकडून भागूबाई येताना दिसली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर भाकरीची पाटी, आणि अनवाणी. गुडघाभर चिखल, पण ती पाणी भरायला निघाल्यासारखी सरळ चालत होती. हात पाटीला नव्हता.

“बघ,” उस्ताद म्हणाले.

सर्जेराव बघत होता. त्याचे डोळे भरून आले.

“काय दिसलं?”

“तिच्या पायाच्या भेगा दिसल्या, उस्ताद. बारा वर्सांच्या. म्हणून तर नांगर न्यायचाय मला पल्याड.”

“भेगा नको बघू. बोटं बघ.”

“आं?”

भागूबाई काठावर आली. पाटी खाली ठेवून तिने पदर सारखा केला. उस्ताद तिच्यापुढे वाकून तिच्या पायांकडेच बघत होते, म्हणून ती लाजली आणि पाय लुगड्यात घेऊ लागली.

“ऱ्हाऊ दे, बाई. तुझ्या पोराला दाखवायचं हाय. जरा पुन्यांदा पाय ठेव चिखलात.”

तिने लेकाकडे पाहिलं, मग काठच्या उथळ चिखलात पाय टाकला. बोटं पसरली. पाच बोटांच्या चार फटींतून चिखल वर आला. तिने पाय उचलला तसा तो खाली गळून पडला. पाऊल पुन्हा मोकळं.

“आजून एकदा.”

तिने पुन्हा पाय टाकला आणि उचलला.

“दिसलं?” उस्तादांनी विचारलं.

सर्जेरावाने वाकून बघितलं, पण खरं सांगायचं तर त्याला काहीच दिसलं नाही. “बोटं दिसली,” तो म्हणाला.

“पुष्कळ झालं आजच्यापुरतं. पाना आण.”

“कशाला?”

“खुंट्या काढायच्यात.”

“काढायच्या? किती?”

“एक ठेव. तीन काढ. एक ठेव. तीन काढ.”

सर्जेरावाने बोटांवर हिशेब केला आणि त्याचा आवाज चढला. “म्हंजी नऊ ऱ्हातील! कारखान्यातनंच बारा आल्या हुत्या, उस्ताद! शाणीसुरती माणसं हैत ती. तेंनी काय येड्यावानी बारा बसवल्या?”

“शाणीच हैत. पण तेंना ही माती कुणी दाखवली?”

“बारानं घसरलं, चोवीसनं घसरलं, छत्तीसनं घसरलं, आन् नऊनं धरंल?”

उस्ताद चाकावरचा वाळका चिखल नखाने टोकरत होते.

“माझा शब्द पणाला लागलाय, उस्ताद. हिच्यासमोर. उद्याचाच दिवस हाय. उद्या रुतलं तर वर काढाय बी येळ न्हाई.”

उस्तादांनी पाना उचलून त्याच्यापुढे धरला. हात म्हातारपणाने थरथरत होता. पाना जड होता. सर्जेराव किती वेळ तो तसाच थरथरू देणार? त्याने घेतला.

छत्तीस खुंट्या चढवायला त्याला दोन दिवस लागले होते. काढायला सूर्य मावळेपर्यंतचा वेळ पुरला. दोन्ही चाकांच्या मिळून चौपन्न खुंट्या निघाल्या. प्रत्येक बोल्ट सोडताना त्याचं तोंड असं व्हायचं, जणू वैद्य त्याचाच दात काढतोय. लिंबाजी त्या उचलून ढीग लावत होता. भागूबाईने एक खुंटी हातात घेऊन वजन बघितलं.

“सर्जा, ही मी नेऊ का? शेळी बांधाय बरी हाय.”

“ने, आये,” सर्जेराव म्हणाला. “तेवढाच उपेग झाला तिचा.”

मग उस्तादांनी विचारलं म्हणून भागूबाई घरी जाऊन उलथनं घेऊन आली. भाकरीने त्याची कड झिजून पातळ झाली होती. तिने ते लेकाच्या हातात दिलं. तो चाकापाशी उकिडवा बसला आणि वाळलेला चिखल खरवडू लागला.

पातळ कड फटीत अशी छान शिरत होती की त्याला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी आठाच्या सुमाराला वाफ धरली. निम्मी बोरखडी बांधावर येऊन बसली होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो? एकजण म्हणाला, “आज म्हस परत रुतणार.” दुसऱ्याने त्याला गप्प केलं, कारण भागूबाई पलीकडच्या काठावर येऊन उभी होती.

उस्तादांना धरून वर चढवावं लागलं. ते सर्जेरावाच्या शेजारी उभे राहिले.

“चल बिस्मिल्ला.”

इंजिन पाझरात शिरलं. पहिली पन्नास पावलं बरी गेली. सर्जेराव मागे वळून चाकाकडे बघत होता. खुंटी आत जायची, चिखल घेऊन वर यायची आणि वर येता येता तो चिखल मधल्या मोकळ्या जागेतून भदकन खाली पडायचा. चाक वर यायचं ते काळं, पण मोकळं.

पट्ट्याच्या मध्यावर इंजिन थबकलं.

चाक एकदा जागेवर फिरलं. पुन्हा एकदा फिरलं. मागचं अंग खाली बसू लागलं.

बांधावर सगळे उभे राहिले.

सर्जेरावाचा हात वाफेच्या दांडीवर होता. त्याची मूठ आवळली. आणखी वाफ, आणखी जोर, एवढंच त्याला माहीत होतं. तो दांडी ओढणार, तोच उस्तादांचा हात त्याच्या हातावर आला. सुरकुतलेला, हलका हात. त्यांनी जोर लावला नाही. नुसता ठेवला.

“सोड.”

“रुतंल, उस्ताद!”

“थोडं सोड, बेटा.”

“आई बघतीया…”

“म्हणून सांगतोय. सोड.”

आयुष्यात काही क्षण असे येतात की माणूस पटलं म्हणून ऐकत नाही, हात कुणाचा आहे ते बघून ऐकतो. सर्जेरावाने मूठ सैल केली. वाफ उतरली. इंजिनाचा आरडाओरडा थांबला. चाक अगदी सावकाश, म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसं, वळू लागलं. फटींत साचलेला एक मोठा गोळा सुटून खाली पडला. मग दुसरा सुटला. मोकळी झालेली खुंटी खाली गेली… आणि थांबली.

तिला खालची माती लागली होती.

इंजिन एक पाऊल पुढे गेलं.

सर्जेरावाने श्वास धरून ठेवला होता. इंजिन आणखी एक पाऊल गेलं. मग आणखी. उस्तादांनी हात काढून घेतला आणि डोळे मिटून ते नुसते उभे राहिले, चाकाचा आवाज ऐकत.

पलीकडच्या कोरड्या जमिनीवर चाक चढलं तेव्हा बांधावर एकच कल्ला झाला. सकाळी म्हैस म्हणणाराच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. गावाची रीतच अशी. भागूबाई ओरडली नाही. ती इंजिनाजवळ आली आणि त्या तापलेल्या लोखंडाला लांबूनच, दमल्या बैलाला शाबासकी द्यावी तसा, तिने तळहात दाखवला.

मग त्या इंजिनाने दोर टाकून लिंबाजीचं इंजिन आपल्याकडे ओढून घेतलं. या वेळी बाभळीची गरज पडली नाही.

शनिवारी दिवसभर नांगर चालला. हातभर खोलवरून काळी माती उलटी होऊन वर येत होती आणि तिच्याबरोबर कुंद्याच्या मुळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, दोरखंडासारख्या. सूर्यप्रकाश त्यांना बहुधा पहिल्यांदाच लागत होता. भागूबाई नांगरामागून चालत होती. एका ठिकाणी ती खाली बसली आणि तिने एक मुळी उचलली. मुळी तिच्या हाताएवढी लांब होती.

सर्जेराव इंजिनावरून उतरून धावत आला. “काय झालं, आये? लागलं का?”

“न्हाई रं.” ती मुळीकडे बघत होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ती हसतही होती. “बारा वर्सं हिला हुडकत हुते मी. ही इतक्या खाली लपून बसली हुती.”

सर्जेराव तिच्याशेजारी ढेकळांत बसला. त्याला तिला काहीतरी मोठं सांगायचं होतं. पण आईच्या हातातली मुळी त्याने घेतली, तिची माती झटकली आणि परत तिच्या हातात दिली. एवढंच त्याला जमलं.

संध्याकाळी इंजिनं थांबली. लिंबाजी हातपाय धुवायला कालव्यावर गेला. भागूबाई रानात मुळ्या वेचून ढीग करत होती, वाळल्यावर पेटवायला. तिला आज थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

सर्जेराव चाकापाशी उकिडवा बसून उलथन्याने फटी साफ करत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नऊ खुंट्या, नऊ फटी. झाल्यावर तो बाजूला सरकला.

उस्ताद आले. त्यांनी पहिल्या फटीत बोट घातलं, बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग दुसऱ्या फटीत. मग तिसऱ्या. बोट कोरडं होतं.

“उस्ताद, एक इचारू?”

“इचार.”

“चार वर्सांमागं मी तुमाला चार माणसांत नको नको ते बोललो. पाठ फिरवून निघालो. तुमी शिव्या दिल्या न्हाईत. हाक मारली न्हाई. एक शब्द बोलला न्हाईत.” तो उलथन्याची कड अंगठ्याने पुसू लागला. “मला लई राग आला हुता त्याचा. वाटलं, म्हाताऱ्याला माझी पर्वा न्हाई. वाटंभर मी मागं वळून बघत हुतो… तुमी मला धरून का न्हाई ठेवलंत?”

उस्तादांचं बोट फटीतच राहिलं.

रानात भागूबाई वाकलेली होती. तिने एक मुळी ढिगावर टाकली.

“हे बघ,” उस्ताद म्हणाले. “ह्या दोन खुंट्यांच्या मधी काय हाय?”

सर्जेरावाने वाकून, डोळे पुसून, नीट बघितलं.

“काय न्हाई. मोकळं हाय.”

“तेच ठेवलं हुतं, बेटा. तुझ्यासाठी.”